नॅसिकॉन: सोडियम आयन वाहणारी सिरॅमिक चकती प्रयोगशाळेत कशी घडवावी आणि कशी तपासावी

सोडियमचे आयन वाहून नेणारे सिरॅमिक प्रथमच तयार करणाऱ्या विद्यार्थ्याला एक गोष्ट फार अस्वस्थ करते. सूत्र तेच असते, रसायने चांगल्या दर्जाची असतात, भट्टीचे तापमानही शोधनिबंधात दिल्याप्रमाणेच ठेवलेले असते, आणि तरीही त्याच्या चकतीची वाहकता प्रकाशित आकड्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीच भरते. मग तो मापनयंत्रावर आणि जोडतारांवर संशय घेऊ लागतो. माझा अनुभव असा आहे की दोष मापनात क्वचितच असतो. तो तराजूपाशी, खलामध्ये आणि मुशीच्या झाकणाखाली आधीच घडून गेलेला असतो, आणि मापनयंत्र तो फक्त दाखवून देते. म्हणून या लेखात कृती सांगताना प्रत्येक टप्प्यावर सोडियम कोठे निसटतो आणि पाणी कोठून शिरते, या दोन प्रश्नांवरच मी अधिक भर दिला आहे.

पदार्थाची निवड

सोडियम वाहणाऱ्या ऑक्साइड सिरॅमिकमध्ये दोन घराणी प्रमुख आहेत. पहिले घराणे बीटा-ॲल्युमिनाचे. फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेतील याओ आणि कुमर यांनी १९६७ साली त्यातील आयन-विनिमयाचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्याच पदार्थावर पुढे ३०० ते ३५० अंश सेल्सियसला चालणारी सोडियम-गंधक बॅटरी उभी राहिली. दुसरे घराणे नॅसिकॉनचे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या लिंकन प्रयोगशाळेत हाँग, गुडइनफ आणि काफालास यांनी १९७६ साली ते जगापुढे आणले. सुरुवात करणाऱ्याने नॅसिकॉनच निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बीटा-डबल-प्राइम ॲल्युमिना (बीटा-ॲल्युमिनाचेच अधिक वाहक रूप) घट्ट करण्यासाठी सुमारे १६०० अंश तापमान लागते, त्याची स्फटिकरचना टिकवण्यासाठी लिथियम किंवा मॅग्नेशियमचा ऑक्साइड मिसळावा लागतो, आणि त्यात आयन फक्त थरांमधील सपाट पातळ्यांतून वाहतात. नॅसिकॉन १२०० ते १२५० अंशांत तयार होते, म्हणजे साध्या सिलिकॉन कार्बाइड दांड्यांच्या भट्टीत काम भागते, आणि त्यातील वाहतूक तिन्ही दिशांना होते.

नॅसिकॉनचे सर्वसाधारण सूत्र झिर्कोनियम, सिलिकॉन आणि फॉस्फरस यांच्या ऑक्साइड सांगाड्याचे आहे. फॉस्फरसच्या जागी सिलिकॉन घातला की प्रत्येक अदलाबदलीमागे विद्युतभाराचा तोल राखण्यासाठी एक सोडियम आयन अधिक यावा लागतो. एका सूत्र-एककात सोडियमसाठी चार जागा असतात. त्या सर्व भरल्या तर हलायला जागाच उरत नाही, आणि फार रिकाम्या राहिल्या तर वाहक कमी पडतात. तीन जागा भरलेल्या आणि एक रिकामी, अशी अवस्था जवळपास सर्वोत्तम ठरते, आणि तेच आपले लक्ष्य: सोडियम ३, झिर्कोनियम २, सिलिकॉन २, फॉस्फरस १, ऑक्सिजन १२. या रचनेत झिर्कोनियमचे अष्टफलक आणि सिलिकॉन-फॉस्फरसचे चतुष्फलक केवळ कोपऱ्यांनी जोडलेले असतात, त्यामुळे मध्ये बोगद्यांचे त्रिमितीय जाळे तयार होते. एका जागेतून दुसऱ्या जागेत जाताना सोडियमला ऑक्सिजनच्या तीन अणूंनी बनलेल्या त्रिकोणी खिडकीतून जावे लागते, आणि या खिडकीच्या आकारावर वाहकता बरीच अवलंबून असते. सामान्य तापमानाला ही रचना मोनोक्लिनिक असते. साधारण १५० अंशांच्या आसपास ती अधिक सममित अशा ऱ्होंबोहेड्रल रूपात जाते. हा बदल पुढे आलेख वाचताना उपयोगी पडणार आहे.

हिशोब आणि तोलणी

चार रसायने घ्यावीत: सोडियम कार्बोनेट, झिर्कोनियम डायऑक्साइड (झिर्कोनिया), सिलिकॉन डायऑक्साइड (सिलिका) आणि अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट. एक मोल नॅसिकॉनसाठी यांचे अनुक्रमे दीड, दोन, दोन आणि एक मोल लागतात, आणि भाजताना कार्बन डायऑक्साइड, अमोनिया आणि पाण्याची वाफ निघून जाते. नॅसिकॉनचे मोलर वस्तुमान ५३०.५५ ग्रॅम आहे. २० ग्रॅम पदार्थासाठी काटेकोर हिशोबाने ५.९९३ ग्रॅम सोडियम कार्बोनेट, ९.२९० ग्रॅम झिर्कोनिया, ४.५३० ग्रॅम सिलिका आणि ४.३३६ ग्रॅम फॉस्फेट लागते.

मात्र ही वजने जशीच्या तशी घेतली तर शेवटी हाती येणाऱ्या चकतीत सोडियम आणि फॉस्फरस कमी पडतात, कारण उच्च तापमानाला हे दोन्ही घटक वाफेच्या रूपाने उडतात. म्हणून पहिल्या खेपेला या दोहोंचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढवण्याचा प्रघात आहे. म्हणजे कार्बोनेट ६.५९२ ग्रॅम आणि फॉस्फेट ४.७७० ग्रॅम. ही वाढ कायमची ठरीव समजू नये. तुमच्या भट्टीत, तुमच्या मुशीत आणि तुमच्या झाकणाखाली प्रत्यक्षात किती उडते, त्यावर ती ठरते. वाढ जास्त झाली तर उरलेला सोडियम सिलिका-फॉस्फेटबरोबर काच बनवून कणांच्या सीमांवर साचतो. थोडी काच कण जुळायला मदत करते, जास्त झाली तर आयनांची वाट अडवते.

तोलण्यापूर्वी रसायने कोरडी करणे हा सर्वांत जास्त दुर्लक्षिला जाणारा टप्पा आहे. सोडियम कार्बोनेट २०० अंशांवर रात्रभर ठेवावे आणि गरम असतानाच शोषकपात्रात न्यावे. अतिसूक्ष्म सिलिकाच्या पृष्ठभागावर पाणी मोठ्या प्रमाणात चिकटलेले असते, त्यामुळे ती आणि झिर्कोनिया ६०० अंशांवर दोन तास भाजून घ्यावीत. अमोनियम फॉस्फेट मात्र तापवू नये, कारण ते १९० अंशांच्या सुमारास वितळून विघटित होऊ लागते; ते केवळ शोषकपात्रात ठेवले तरी पुरेसे आहे. मुंबई, पुणे किंवा कोकणातील प्रयोगशाळेत जुलै-ऑगस्टमध्ये काम करणाऱ्यांनी तर हे पाळायलाच हवे. सिलिकामध्ये पाच टक्के पाणी असेल तर तुम्ही तोललेली सिलिका प्रत्यक्षात पाच टक्के कमीच असते, आणि ही तूट पुढे कोणत्याही भट्टीत भरून निघत नाही. पावसाळ्यात तराजूवरील आकडा डोळ्यांदेखत हळूहळू वाढत जाताना मी पाहिला आहे. त्या वेळी बाटली उघडी ठेवून निवांत तोलत बसणे टाळावे.

मिसळणे आणि पहिली भाजणी

झिर्कोनियाच्या भांड्यात झिर्कोनियाच्याच गोळ्यांनी, आयसोप्रोपेनॉल घालून, ग्रहीय चक्कीत मिनिटाला २५० ते ३०० फेऱ्यांच्या वेगाने बारा तास दळावे. गोळ्यांचे वजन भुकटीच्या आठ ते दहा पट असावे, आणि दर अर्ध्या तासाने चक्की थोडी थांबू द्यावी, नाहीतर द्रावक तापून भांड्यात दाब वाढतो. दळण्यासाठी पाणी वापरू नये. पाण्यात कार्बोनेट आणि फॉस्फेट दोन्ही विरघळून एकमेकांशी लगेच फसफसतात, आणि सुकवताना विरघळलेले क्षार वरच्या कडेला वेगळे साचून मिश्रणाचा एकजिनसीपणा बिघडतो. चक्की उपलब्ध नसेल तर अगेटच्या खलात द्रावकासह दोन-तीन तास खलावे लागते. त्याने काम होते, पण शेवटी झिर्कोनियाचे अंश उरण्याची शक्यता वाढते.

सुकवण्याचे काम ८० अंशांवर, हवा खेळती असलेल्या फ्यूमहूडमध्ये आणि ज्वालेपासून दूर करावे. सुकलेली भुकटी चाळून ॲल्युमिनाच्या मुशीत निम्म्यापर्यंतच भरावी, कारण फॉस्फेट वितळताना मिश्रण फुगून वर येते. भट्टी मिनिटाला दोन अंशांच्या वेगाने ४०० अंशांपर्यंत न्यावी आणि तेथे चार तास थांबावे. या काळात अमोनिया बाहेर पडतो, म्हणून भट्टीवर वायुनिस्सारणाची सोय असलीच पाहिजे. थंड झाल्यावर भुकटी पुन्हा खलून, आता ९५० ते १००० अंशांवर बारा तास भाजावी. वेग इथेही फार नको: सोडियम कार्बोनेट ८५१ अंशांना वितळते, आणि त्याआधीच त्याचा बराचसा भाग सिलिकाशी संयोग पावलेला असावा हे बरे.

या टप्प्यावर एक साधी तपासणी करावी. भाजणीआधी आणि नंतर मूस तोलावी. वर दिलेल्या वाढीव वजनांनुसार वायुरूपाने निघून जाणारा भाग सुमारे १८.१ टक्के येतो. घट यापेक्षा स्पष्टपणे कमी असेल तर विघटन अपुरे आहे. जास्त असेल तर रसायने ओली होती किंवा भुकटी मुशीबाहेर उतू गेली. पाच मिनिटांच्या या तोलणीने पुढचे पाच दिवस वाचतात.

भाजलेली भुकटी शुद्ध नॅसिकॉन असेलच असे नाही, आणि तशी अपेक्षाही नको. त्यात थोडी झिर्कोनिया उरलेली चालते, कारण अभिक्रिया शेवटच्या भट्टीत पूर्ण होते. मात्र भुकटी बारीक असावी लागते. म्हणून पुन्हा आयसोप्रोपेनॉलमध्ये बारा ते चोवीस तास दळून कण मायक्रोमीटरच्या आत आणावेत. जाड कणांची चकती कितीही तापवली तरी पूर्ण घट्ट होत नाही.

चकती दाबणे

सुक्या भुकटीत दोन टक्के पॉलिव्हिनाइल अल्कोहोल मोजक्या पाण्यातील द्रावणाच्या रूपाने मिसळावे, लगेच सुकवावे आणि चाळणीतून काढावे, म्हणजे दाणे साच्यात सहज पसरतात. १३ मिलिमीटर व्यासाच्या साच्यात ०.४ ग्रॅम भुकटी घेऊन १५० मेगापास्कल दाब द्यावा. या व्यासाला तो सुमारे दोन टन भार होतो. दाब हळू चढवावा, दोन मिनिटे धरावा आणि त्याहूनही हळू उतरवावा. अनेक जण अधिक घट्टपणाच्या अपेक्षेने चार-पाच टन भार देतात. त्याने चकतीत कोंडलेली हवा बाहेर पडताना आडव्या भेगा पडतात, आणि चकती भट्टीतून निघताना पापुद्र्यासारखी दोन तुकड्यांत सुटते. अधिक दाब हवाच असेल तर चकती रबरी पिशवीत हवाबंद करून द्रवदाबाच्या यंत्रात सर्व बाजूंनी २०० ते ३०० मेगापास्कल द्यावेत.

न भाजलेल्या चकतीची घनता सैद्धांतिक घनतेच्या ५५ ते ६० टक्के भरावी. नॅसिकॉनची सैद्धांतिक घनता ३.२७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे. ५८ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत जायचे तर प्रत्येक दिशेला सुमारे १५ टक्के आकुंचन व्हायला हवे, म्हणजे १३ मिलिमीटरची चकती ११ मिलिमीटरची होऊन बाहेर यावी. भट्टी उघडल्यावर प्रथम व्हर्नियर कॅलिपर हातात घ्यावे. व्यास १२ मिलिमीटर भरला तर इंपिडन्स, म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, मोजण्याचे कष्ट घेऊ नयेत. चकती सच्छिद्र आहे.

सिंटरिंग

सिंटरिंग म्हणजे दाबलेली चकती उच्च तापमानाला तापवून तिचे कण एकमेकांना जोडणे आणि ती घट्ट करणे. चकतीचे भवितव्य या टप्प्यावर ठरते, म्हणून इथे थोडे थांबतो.

भट्टीत चकतीभोवतीच्या हवेत सोडियमची वाफ नसेल तर चकती स्वतःचा सोडियम देऊन ती भरून काढू पाहते. हे थांबवण्याचा उपाय म्हणजे वाफेचा पुरवठा दुसऱ्या कोणाकडून तरी करवून घेणे. मुशीच्या तळाशी त्याच भाजलेल्या भुकटीचा तीन-चार मिलिमीटरचा थर द्यावा, त्यावर चकती ठेवावी, चकती वरूनही भुकटीने पूर्ण झाकावी आणि मुशीवर घट्ट बसणारे झाकण घालावे. ॲल्युमिनाची मूस सोडियम शोषून घेते आणि चकती थेट तळाला टेकली तर तिथे चिकटते. भुकटीचा थर ही अडचणही दूर करतो. प्लॅटिनमचा पत्रा असल्यास उत्तम, पण बहुतेक महाविद्यालयीन प्रयोगशाळांना तो परवडत नाही आणि भुकटीच्या थराने काम चांगले भागते. झाकण्यासाठी वापरलेली भुकटी दोन-तीन खेपांनंतर टाकून द्यावी, कारण तीही सोडियम गमावत जाते.

तापमानाचा क्रम असा ठेवावा: मिनिटाला एक अंश वेगाने ६०० अंशांपर्यंत, तेथे दोन तास, म्हणजे बाइंडर (भुकटी बांधणारे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) पूर्ण जळून जातो, मग मिनिटाला पाच अंशांनी १२०० ते १२३० अंशांपर्यंत, तेथे दहा ते बारा तास, आणि मिनिटाला दोन-तीन अंशांनी थंड करणे. १२५० अंशांच्या पुढे जाण्याचा मोह आवरावा. तेथे कण भराभर मोठे होतात, सोडियम आणि फॉस्फरस उडू लागतात, झिर्कोनिया पुन्हा वेगळी पडते, आणि घनता वाढण्याऐवजी घटते. मोठ्या कणांचा आणखी एक तोटा आहे. थंड होताना ऱ्होंबोहेड्रल ते मोनोक्लिनिक हा बदल होतो, कणांच्या वेगवेगळ्या दिशा वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावतात आणि सीमांवर सूक्ष्म भेगा पडतात. डोळ्यांना निर्दोष दिसणारी चकती अशा वेळी वाहकतेत मार खाते.

भट्टीच्या दर्शकावरील आकडा म्हणजे चकतीचे तापमान नव्हे. थर्मोकपल भट्टीच्या मागच्या भिंतीशी असते आणि मूस मध्यभागी. वीस-तीस अंशांचा फरक सहज पडू शकतो, आणि नॅसिकॉनसाठी तो निर्णायक आहे. म्हणून नव्या भट्टीत ११८०, १२०० आणि १२२० अंश अशा तीन तापमानांना तीन चकत्या करून पाहाव्यात आणि आपल्या भट्टीचा आकडा आपणच ठरवावा.

घनता आणि शुद्धता

घनता आर्किमिडीजच्या पद्धतीने मोजावी, पण पाण्यात नव्हे, तर आयसोप्रोपेनॉलमध्ये. पाण्यात नॅसिकॉनच्या पृष्ठभागावरील सोडियमच्या जागी हायड्रोनियम आयन शिरू लागतात. ९५ टक्क्यांच्या पुढची घनता समाधानकारक मानावी. ९० टक्क्यांच्या खाली असेल तर मागे फिरावे.

क्ष-किरण विवर्तनासाठी चकतीचा पृष्ठभाग आणि चकती फोडून केलेली भुकटी असे दोन नमुने घ्यावेत. तांब्याच्या क्ष-किरणांनी नॅसिकॉनच्या ठळक रेषा विवर्तनाच्या कोनात (२θ) १९ अंश, २७.५ अंश, ३०.५ ते ३१ अंश आणि ३४ अंशांच्या आसपास येतात. मोनोक्लिनिक झिर्कोनियाच्या दोन रेषा २८.२ आणि ३१.५ अंशांवर असतात, आणि पहिली सहज ओळखता येते. ती फक्त पृष्ठभागावर दिसत असेल तर सोडियम वरून उडाला आहे. पृष्ठभाग घासून काढल्यावर चकती वापरता येईल, आणि पुढच्या खेपेला झाकण अधिक घट्ट हवे. ती भुकटीतही तितकीच ठळक असेल तर दोष मिश्रणात किंवा दळणात आहे. पहिल्या भाजणीनंतर बारीक असलेली ही रेषा सिंटरिंगनंतर वाढली, तर तापमान जास्त झाले असे समजावे. मात्र काचेसारखा साचलेला भाग विवर्तनात ठळक रेषा देत नाही. तो पाहायचा तर चकती फोडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कणसीमा तपासाव्या लागतात.

वाहकतेचे मापन

चकतीचे दोन्ही पृष्ठभाग सिलिकॉन कार्बाइडच्या कागदावर, आयसोप्रोपेनॉल वापरून, समांतर घासावेत. नंतर दोन्ही बाजूंना सोन्याचा थर स्पटरिंगने (निर्वातात धातूचे अणू उडवून बसवण्याच्या पद्धतीने) द्यावा. कडेवर सोने जाता कामा नये, नाहीतर दोन्ही पृष्ठभाग जोडले जातात. मापनापूर्वी चकती निर्वातात १५० अंशांवर काही तास ठेवावी. ओलसर चकती सामान्य तापमानाला खोटी, वाढीव वाहकता दाखवते, आणि हा असा दोष आहे की तो आपल्याला आवडतो म्हणून कोणी शोधत नाही.

इंपिडन्स १ मेगाहर्ट्झपासून १ हर्ट्झपर्यंत, शक्य असल्यास १० मेगाहर्ट्झपासून, १० ते ५० मिलिव्होल्टच्या संकेताने मोजावा. आडव्या अक्षावर इंपिडन्सचा वास्तव भाग आणि उभ्या अक्षावर काल्पनिक भाग मांडला की सामान्य तापमानाचा आलेख बहुधा असा दिसतो: डावीकडे एक अपुरे अर्धवर्तुळ आणि उजवीकडे वर चढत जाणारी तिरपी रेषा. ही रेषा सोन्याच्या, म्हणजे सोडियम आयनांना पलीकडे जाऊ न देता अडवणाऱ्या, इलेक्ट्रोडची आहे, आणि ती दिसणे हाच वाहतूक आयनांची असल्याचा पहिला पुरावा. रेषा आणि अर्धवर्तुळ जिथे मिळतात तिथला वास्तव अक्षावरील आकडा म्हणजे एकूण रोध. समजा चकतीची जाडी १.२ मिलिमीटर, व्यास ११ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ०.९५ चौरस सेंटिमीटर, आणि एकूण रोध १८० ओहम आहे. जाडीला रोध आणि क्षेत्रफळाच्या गुणाकाराने भागले की वाहकता ०.७० मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर येते. या रचनेच्या चांगल्या चकतीसाठी ०.५ ते १ हा आकडा रास्त आहे. जर्मनीतील युलिश संशोधन केंद्रात सोडियम आणि सिलिकॉनचे प्रमाण आणखी वाढवून केलेल्या रचनेची एकूण वाहकता सामान्य तापमानाला ५ मिलिसीमेन्सपर्यंत पोहोचली आहे, म्हणजे या सांगाड्यात अजून बरेच काही शिल्लक आहे.

इथे एक चूक फार वेळा होते. आलेखात एकच अर्धवर्तुळ दिसते आणि विद्यार्थी ते कणांच्या आतील भागाचे, म्हणजे ग्रेनचे, म्हणून नोंदवतो. प्रत्यक्षात ते जवळजवळ नेहमी कणसीमांचे असते. हिशोब करून पाहावा: कणांच्या आतील भागाचा रोध ६० ओहम आणि सापेक्ष पारविद्युतांक २० धरला तर वरील चकतीची धारिता सुमारे १४ पिकोफॅरड येते, आणि त्या अर्धवर्तुळाचे शिखर सेकंदाला सुमारे १९ कोटी आवर्तनांवर, म्हणजे १९० मेगाहर्ट्झवर पडते. नेहमीच्या यंत्राला ते दिसणेच शक्य नाही. त्याची खूण म्हणजे आलेख अक्षावर शून्यापासून नव्हे, तर काही ओहम उजवीकडून सुरू होतो. कोणते अर्धवर्तुळ कशाचे, हे धारितेवरून ठरवावे: कणांच्या आतील भागासाठी पिकोफॅरडच्या दर्जाची, कणसीमांसाठी साधारणपणे नॅनोफॅरडच्या आसपासची आणि इलेक्ट्रोडसाठी मायक्रोफॅरडकडे झुकणारी. दोन्ही भाग वेगळे पाहायचे असतील तर चकती शून्याखाली चाळीस-पन्नास अंशांपर्यंत थंड करावी, म्हणजे रोध वाढून अर्धवर्तुळे यंत्राच्या टप्प्यात सरकतात.

तापमान वाढवताना उलट अडचण येते. ३०० अंशांना नॅसिकॉनची वाहकता सुमारे ०.२ सीमेन्स प्रति सेंटिमीटर असते, म्हणजे आपल्या चकतीचा रोध जेमतेम ०.६३ ओहम. त्या वेळी जोडतारांचा रोध आणि त्यांचे प्रेरण हेच मापनावर हुकूमत गाजवतात. म्हणून चकती काढून, तारा एकमेकींना जोडून, त्याच तापमानाला एकदा मापन करावे आणि ते वजा करावे. प्रत्येक तापमानाला अर्धा तास थांबावे, आणि तापवताना व थंड करताना दोन्ही वेळा नोंदी घ्याव्यात. दोन्ही वेळचे आकडे जुळले नाहीत तर चकती मापनादरम्यान बदलत आहे.

वाहकता आणि केल्विनमधील तापमान यांच्या गुणाकाराचा नैसर्गिक लॉगॅरिदम उभ्या अक्षावर आणि हजार भागिले तापमान आडव्या अक्षावर मांडले की सरळ रेषा मिळते. तिचा उतार उणे ४.१ असेल तर त्याला ०.०८६१७ ने गुणून आणि चिन्ह बदलून सक्रियण ऊर्जा (आयनाला एका जागेतून दुसऱ्या जागेत उडी घेण्यासाठी लागणारी ऊर्जा) ०.३५ इलेक्ट्रॉनव्होल्ट येते. मोनोक्लिनिक रूपासाठी हा आकडा योग्य वाटतो. १५० अंशांच्या आसपास रेषा वळून पुढे कमी उताराने जाते. सर्व बिंदूंमधून एकच रेषा ओढून एकच सक्रियण ऊर्जा देणे चुकीचे आहे. वळणाच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे मोजाव्यात.

इलेक्ट्रॉनांची वाहकता पाहण्यासाठी त्याच सोन्याच्या चकतीवर अर्धा ते एक व्होल्ट स्थिर दाब काही तास ठेवून प्रवाह स्थिरावण्याची वाट पाहावी. उरलेल्या प्रवाहावरून निघणारी वाहकता आयनांच्या वाहकतेपेक्षा किमान दहा हजार पटींनी कमी असावी.

द्रावणातून जाणारा मार्ग

झिर्कोनिल नायट्रेट, सोडियम नायट्रेट, टेट्राइथिल ऑर्थोसिलिकेट आणि अमोनियम फॉस्फेट वापरून द्रावणातूनही नॅसिकॉन करता येते. घटक अणूंच्या पातळीवर मिसळत असल्याने भुकटी अधिक बारीक होते आणि भाजणीचे तापमान कमी चालते. फॉस्फेट मात्र सर्वांत शेवटी आणि जोरात ढवळत घालावे, कारण झिर्कोनियमशी गाठ पडताच झिर्कोनियम फॉस्फेटचा पांढरा चिकट साका बसतो. तो टाळता येत नाही, फक्त सर्वत्र सारखा पसरवता येतो. जेल करण्यासाठी सायट्रिक आम्ल वापरले असेल तर नायट्रेटबरोबर ते सुकल्यावर एकदम पेट घेऊ शकते, म्हणून मोठ्या उघड्या भांड्यात थोडी थोडी मात्रा, फ्यूमहूडमध्येच तापवावी.

साठवण आणि सोडियम धातूशी जोडणी

दमट हवेत ठेवलेल्या चकतीवर काही दिवसांतच कार्बोनेट आणि हायड्रॉक्साइडचा पातळ थर येतो. चकत्या आर्गॉनच्या ग्लोव्हबॉक्समध्ये, नसल्यास नव्या सिलिका जेलसह हवाबंद डबीत ठेवाव्यात, आणि वापरण्यापूर्वी कोरड्या कागदावर पुन्हा घासून २०० अंशांवर निर्वातात सुकवाव्यात.

सोडियम धातूची जोडणी केवळ आर्गॉनमध्येच करावी. धातूवरील राखाडी कवच पात्याने कापून काढावे, चमकदार भाग लाटून पातळ करावा आणि चकतीवर हलक्या दाबाने बसवावा. सोडियम ९७.८ अंशांना वितळतो, पण नुसता वितळलेला सोडियम घासलेल्या नॅसिकॉनवर पसरत नाही, थेंब होऊन बसतो. २०१७ साली गुडइनफ यांच्याच गटाने दाखवले की ३८० अंशांच्या सुमारास धातू आणि सिरॅमिक यांच्यामध्ये पातळ अंतरथर तयार होतो आणि मग सोडियम नीट चिकटतो. जोडणी चांगली झाली की नाही हे दोन्ही बाजूंना सोडियम लावलेल्या चकतीचा इंपिडन्स मोजून कळते: सोन्याच्या वेळची तिरपी रेषा आता नाहीशी होऊन तिच्या जागी एक बंद अर्धवर्तुळ यायला हवे, आणि त्याची रुंदी म्हणजे दोन्ही पृष्ठभागांचा मिळून रोध. कामानंतर उरलेले सोडियमचे तुकडे आयसोप्रोपेनॉलमध्ये थोडे थोडे टाकून, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहून नष्ट करावेत. निघणारा वायू हायड्रोजन असल्याने हे काम फ्यूमहूडमध्ये, ठिणगीपासून दूर आणि जवळ पाणी नसताना करावे.